मसालेभाताची पिशवी का फाटली?

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला जे हजर होते, त्यांना जिन्यातला मसालेभात नक्की आठवत असेल. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवटची पंगत उठली तरी दोन पातेली भात शिल्लक होता. तो जवळच्या कामगार वस्तीत नेऊन द्यायचं ठरलं. भात पिशव्यांमध्ये भरला आणि आम्ही चार-पाच जण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या उजव्या हातातल्या पिशवीचा तळ सुटला. मी खाली बघेपर्यंत डावीही गेली.

मागून येणाऱ्या काकूंनी क्षणभर सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तुझं ते पर्यावरण आता झाडून काढ बाबा!"

सगळे हसले, मीही हसलो. कारण त्या 'कंपोस्टेबल' पिशव्यांचा आग्रह माझाच होता. पण उत्सवानंतरच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी जे विचारलं, त्यावर हसता आलं नाही. ते म्हणाले, "निसर्ग वाचवायचा म्हणून अन्न सांडायचं का? पुढच्या वर्षी आपली नेहमीची जाड पिशवी आणा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय या वर्षीच्या बैठकीपर्यंत पुढे ढकलला गेला.

मी कॉम्प्युटरचा बीई. प्लास्टिकशी माझा संबंध पिशवी धरण्यापुरताच. पण ती गोष्ट मनातून जाईना. म्हणून वर्षभर जमेल तसं वाचत राहिलो आणि माहीतगारांना विचारत राहिलो. त्यात जे कळलं ते बैठकीआधी सगळ्यांसमोर ठेवावं, म्हणून हा लेख. गंमत म्हणजे, त्यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या सुरतेतच सापडलं.

हिऱ्याच्या गावात सांगायला नको

माझा पहिला समज असा होता की, मातीत विरघळणारं प्लास्टिक कमजोर असतं म्हणून फाटतं. तो चुकीचा निघाला.

अशा प्लास्टिकमधलं सर्वांत परिचित नाव म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजेच पीएलए. ऊस, मका अशा पिकांतली साखर किंवा स्टार्च आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात. दह्याला आंबटपणा देणारं तेच हे आम्ल. त्याचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून जी लांब साखळी तयार होते, ती पीएलए. एक चौरस सेंटिमीटर छेदाची पीएलएची पट्टी ओढून तोडायला साधारण ५०० ते ७०० किलो जोर लागतो. दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते, त्याच्या तशाच पट्टीला साधारण १०० ते २०० किलो पुरतात. म्हणजे निव्वळ ताकदीत पीएलए कितीतरी पुढे आहे.

मग अडतं कुठे? पीएलएची पट्टी मूळ लांबीच्या साधारण पाच टक्के ताणली की तुटते. पॉलिथिन मात्र मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं. दुधाची पिशवी हाताने फाडताना आधी ती कशी लांब लांब होत जाते, ते आठवा. पिशवीत भात भरून जिना उतरताना प्रत्येक पायरीला हिसका बसतो. पॉलिथिन तो हिसका ताणून पचवतं. पीएलएला ताणताच येत नाही, त्यामुळे बारीकशी चीर पडते आणि पुढच्या हिसक्याला आरपार जाते.

सुरतेच्या माणसाला हे समजायला जड नाही. हिरा सर्वांत कठीण, पण हातोडी बसली तर फुटतो. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. जैवविघटनशील प्लास्टिकवर जगभर जे काम चाललंय, त्याचा मोठा भाग हा चिवटपणा आणण्यासाठीच आहे.

गच्चीवरच्या बिबड्या

आपल्यापैकी निम्मी घरं तरी खानदेशातून आलेली. त्यामुळे बिबड्या काय असतात हे सांगत बसत नाही. उन्हाळ्यात उधना-डिंडोलीकडच्या गच्च्या त्यांनी भरलेल्या असतात. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर पातळ थापायचा आणि वाळवायचा. बिबडी म्हणजे स्टार्चचा पातळ पडदाच. शास्त्रज्ञ ज्याला 'थर्मोप्लास्टिक स्टार्च' म्हणतात, त्याची सुरुवातही अशीच होते. स्टार्चमध्ये पाणी घालून उष्णता दिली की त्याचे कण फुगतात, फुटतात आणि एकजीव लगदा होतो.

आता लहानपणीची एक गोष्ट आठवा. अर्धवट वाळलेली बिबडी पळवून खायची मजा वेगळीच असायची, कारण ती मऊ, चिवट असायची. तीच कडकडीत वाळली की बोटानेही तुटते. पदार्थ तोच, फरक फक्त पाण्याचा. पाण्याचे छोटे रेणू स्टार्चच्या साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून घसरू देतात. पाणी उडून गेलं की साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि पडदा ठिसूळ होतो.

कारखान्यात हेच काम ग्लिसरीनला देतात, कारण ते पाण्यासारखं सहज उडून जात नाही. अशा मऊपणा देणाऱ्या पदार्थाला 'प्लास्टिसायझर' म्हणतात. पीएलएलाही असे पदार्थ चालतात. मात्र इथे पहिली किंमत मोजावी लागते. मऊपणा वाढला की ताकद उतरते. शिवाय काळ गेला की हा पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि माल पुन्हा कडक होतो. सकाळची मऊ भाकरी रात्रीपर्यंत कडक होते, त्यामागेही स्टार्चच्या साखळ्यांचं असंच पुन्हा जवळ येणं असतं.

कढीतलं बेसन

दुसरा उपाय मिसळण्याचा. ठिसूळ पीएलएमध्ये एखादं चिवट पण विघटनशील प्लास्टिक मिसळायचं. यासाठी सर्वांत जास्त वापरलं जातं ते पीबीएटी. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ते १९९८ मध्ये 'इकोफ्लेक्स' या नावाने बाजारात आणलं. ते रबरासारखं पाच-सहापट ताणलं जातं. बाजारातल्या बहुतेक कंपोस्टेबल पिशव्या पीबीएटीमध्ये पीएलए किंवा स्टार्च मिसळून केलेल्या असतात.

पीबीएटीची एक गोष्ट मला गमतीची वाटली. ते बहुधा खनिज तेलापासूनच बनतं. त्यातला एक घटक म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल. आपल्या शेजारी हजिऱ्याला रिलायन्सच्या कारखान्यात हे आम्ल बनतं आणि त्यापासूनच सुरतच्या साड्यांचं पॉलिस्टर तयार होतं. साडीचं पॉलिस्टर मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, पण याच आम्लाची साखळी थोडी बदलून, मधेमधे सूक्ष्मजीवांना पचतील असे दुवे घातले की ती विघटनशील होते. म्हणजे 'पिकापासून बनलेलं' आणि 'मातीत जाणारं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसापासून बनवलेलं साधं पॉलिथिनही असतं, आणि ते मातीत अजिबात जात नाही.

अडचण अशी की पीएलए आणि पीबीएटी एकमेकांत नीट मिसळत नाहीत. तेल आणि पाण्यासारखे त्यांचे वेगवेगळे थेंब राहतात. ताण आला की थेंबाच्या कडेलाच चीर पडते. कढी करताना ताक फुटू नये म्हणून आपण त्याला बेसन लावतो. कारखान्यातही असाच एक सांधणारा पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात घालतात. त्याच्या रेणूला अनेक हात असतात. एका हाताने तो पीएलएची साखळी धरतो, दुसऱ्याने पीबीएटीची. वितळलेल्या अवस्थेत, मशिनमधून जाताजाताच ही जोडणी होते. पिशवी चांगली की वाईट, हे बरंचसं या चिमूटभर पदार्थावर ठरतं, आणि तो पिशवीकडे नुसतं बघून कळत नाही.

पांडेसऱ्यातला धडा

तिसरा उपाय मला पुस्तकाआधी आमच्या मजल्यावरच्या काकांकडून कळला. त्यांनी तीसेक वर्षं टेक्स्चरायझिंगच्या खात्यात काढली. मी त्यांना साखळ्यांची गोष्ट सांगायला लागलो, तर म्हणाले, "म्हणजे आमचं पीओवायचं डीटीवाय करण्यासारखंच की! ओढल्याशिवाय धाग्यात जीव येतो का?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॉलिस्टर वितळवून बारीक छिद्रांतून काढलं की जो धागा मिळतो, त्यातल्या साखळ्या पूर्ण सरळ नसतात. त्याला पीओवाय, म्हणजे अर्धवट ओढलेला धागा म्हणतात. तो हाताने ओढला तर नुसताच लांबत जातो. मग टेक्स्चरायझिंगच्या मशिनवर त्याला गरम करून, पीळ देऊन साधारण दीडपट किंवा थोडं जास्त ओढतात. विस्कटलेल्या साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात, शेजारी शेजारी बसतात आणि धागा मजबूत होतो. हा डीटीवाय. सुरतेच्या साड्या-ड्रेस मटेरियलचा मोठा भाग या ओढण्यावर उभा आहे.

पीएलएलाही हाच नियम लागू होतो. त्याचा पडदा गरम करून आधी लांबीत आणि मग रुंदीत ओढला की साखळ्या दोन्ही दिशांनी रांगेत येतात. असा दोन्हीकडून ओढलेला पडदा न ओढलेल्या पडद्यापेक्षा जास्त ताकदवान तर होतोच, शिवाय चिवटही होतो. बाहेरचा कुठलाही पदार्थ न मिसळता दोन्ही गुण एकदम वाढवणारा हा उपाय आहे, म्हणून मला तो सर्वांत आवडला. त्यालाही मर्यादा आहेत. मशिन महाग असतं, आणि जाड डबे किंवा चमचे साच्यात ओतून करतात, ते असे ओढता येत नाहीत.

चहाचा कप आणि रवाळ तूप

पिशवीच्या गडबडीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. त्या दिवशी मठ्ठ्यासाठी आणलेले पारदर्शक कप मठ्ठ्याला छान चालले. संध्याकाळी कुणीतरी त्यातच चहा ओतला आणि कप कागदासारखा वाकला. ते कप पीएलएचे होते. साधं पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि आपला चहा त्याहून बराच गरम असतो.

यावरचा उपाय समजायला तूप आठवा. कढवलेलं तूप हळूहळू थंड होऊ दिलं की रवाळ होतं, झटकन थंड केलं की गुळगुळीत राहतं. रवाळ तुपात रेणूंनी सावकाश, शिस्तीत रचना केलेली असते, म्हणजे स्फटिक बनलेले असतात. पीएलए साच्यात झटकन थंड होतं, त्यामुळे त्यात असे रवे बनायला वेळच मिळत नाही. मग त्यात शंखजिऱ्याची बारीक पूड घालतात. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतो तसा तिच्याभोवती रवा धरायला सुरुवात होते. शिवाय माल साच्यातच थोडा वेळ गरम ठेवतात. असा रवे धरलेला पीएलए गरम पदार्थांना टिकतो. तो पारदर्शक राहत नाही, दुधी दिसतो. त्यामुळे दुकानात ओळखायची एक सोपी खूण अशी की, काचेसारखा पारदर्शक पीएलए कप दिसला तर तो थंड पेयासाठी समजावा.

केळीच्या खोडातला धागा

चौथा उपाय आपल्या गावाकडचा. मातीची भिंत लिंपताना चिखलात भुसा किंवा पेंढा मिसळतात, म्हणजे वाळल्यावर ती चिरत नाही. प्लास्टिकमध्येही असे धागे मिसळता येतात. ताग, अंबाडी, बांबू, नारळाचा काथ्या आणि केळीच्या खोडाचा धागा.

केळी म्हटलं की जळगाव आलंच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. घड उतरवला की खोडाचं काम संपतं. पुन्हा त्या खोडाला केळी लागत नाही. शेतकऱ्याला ते तोडून बांधावर टाकावं लागतं आणि त्याला मजुरीही मोजावी लागते. सुरतेहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या नवसारी कृषी विद्यापीठाने या खोडापासून धागा, कागद, द्रवखत अशा वस्तू बनवण्यावर बरंच काम केलं आहे.

हा धागा पीएलएमध्ये घातला की माल अधिक ताठ आणि ताकदवान होऊ शकतो, आणि प्लास्टिकही कमी लागतं. पण धागा पाणी शोषणारा आणि पीएलए पाण्यापासून लांब राहणारं, त्यामुळे दोघांची पकड नीट बसत नाही. म्हणून धागा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. वरचा मेणचट थर निघून जातो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पकड सुधारते. मात्र या उपायाने पिशवी होणार नाही. धाग्यांनी ताठपणा वाढतो, ताणण्याचा गुण वाढत नाही. ट्रे, कुंड्या, रोपवाटिकेतले कप यांच्यासाठी तो योग्य आहे.

किती मजबूत, आणि किती दिवस?

इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, उपाय तर इतके आहेत, हवं तेवढं मजबूत करता येईल. मग एक अडचण लक्षात आली. साखळ्या जितक्या घट्ट आणि शिस्तीत बसतात, तितकं पाण्याला आणि सूक्ष्मजीवांना आत शिरणं कठीण होतं. म्हणजे ओढून आणि रवे धरवून मजबूत केलेलं प्लास्टिक मातीत जायलाही जास्त वेळ घेतं. अती मजबूत केलं तर आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ. त्यामुळे 'किती मजबूत' एवढंच विचारून भागत नाही, 'किती दिवस मजबूत' हेही विचारावं लागतं.

या प्रश्नाचं नेटकं उत्तर मला डॉक्टरांच्या जगात सापडलं. ऑपरेशननंतर जे टाके आपोआप विरघळतात, ते याच कुटुंबातल्या प्लास्टिकचे असतात. १९७० च्या दशकात आलेला 'व्हिक्रिल' हा धागा दोन आठवड्यांनंतर सुमारे ७५ टक्के आणि तीन आठवड्यांनंतर सुमारे ५० टक्के ताकद टिकवून असतो. साधारण ५६ ते ७० दिवसांत तो शरीरात पूर्ण शोषला जातो. जखम भरेपर्यंत धरायचं आणि मग निघून जायचं, असं हे वेळापत्रक आहे.

आणि हेच वेळापत्रक चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण हृदयाच्या स्टेंटमध्ये आहे. अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला धातूची जाळी बसवतात. ती जन्मभर आत राहते. ही जाळी पीएलएच्या जातीच्या प्लास्टिकची केली तर काम झाल्यावर ती विरघळून जाईल, अशी कल्पना पुढे आली. अमेरिकेच्या ॲबट कंपनीच्या 'ॲब्सॉर्ब' या स्टेंटला २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पण धातूइतका आधार मिळावा म्हणून प्लास्टिकच्या जाळीच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या होत्या. धातूच्या आधुनिक स्टेंटमध्ये त्या ६० ते ८० मायक्रॉन असतात. पुढच्या अभ्यासांत या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं. जाड काड्या हे त्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. यांत्रिक गुणधर्म हा शब्द मी तोवर परीक्षेपुरताच वाचला होता. इथे तो कुणाच्या तरी छातीत होता.

गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग आपल्याच पट्ट्यातला आहे. मुंबईला जाताना आपण ज्या वापीवरून जातो, तिथल्या मेरिल कंपनीने 'मेरेस १००' हा विरघळणारा स्टेंट तयार केला. त्याच्या काड्या १०० मायक्रॉनच्या आहेत. त्याची पहिली चाचणी भारतातल्याच १०८ रुग्णांवर झाली. अशा स्टेंटसाठी लागणारी प्लास्टिकची नळी मजबूत करण्याची एक पद्धत वाचून मला आमच्या मजल्यावरचे काका आठवले. नळी गरम करून आतून फुगवतात, म्हणजे साखळ्या परिघाच्या दिशेने ओढल्या जातात. पांडेसऱ्यातलंच तत्त्व! ॲबटनेही नंतर काड्या सुमारे १०० मायक्रॉनपर्यंत आणल्या आणि २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठीच्या तिच्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली.

खुद्द सुरतेतली सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज ही कंपनी धातूच्या स्टेंटवर विघटनशील प्लास्टिकचा अतिशय पातळ थर देते. औषध त्या थरात असतं. औषध सोडून झालं की थर निघून जातो. स्टेंट फुगवताना हा थर तडकून चालत नाही, म्हणजे चिवटपणाचा प्रश्न तिथेही आहेच. या उद्योगसमूहाची सुरुवात हिरे कापण्याच्या लेझर मशिनपासून झाली, हेही सुरतेलाच शोभणारं.

मग आपली पिशवी का फाटली?

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी मंडळाच्या माळ्यावर चढलो आणि उरलेला गठ्ठा खाली काढला. तेव्हा उत्तर मिळालं. त्या पिशव्या गेल्या वर्षीच्या नव्हत्याच. त्याआधीच्या वर्षी मी सवलत मिळते म्हणून दुप्पट घेतल्या होत्या आणि उरलेल्या माळ्यावर टाकल्या होत्या. सुरतेचा एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळ्याचे दोन-अडीच महिने त्यांनी तिथे काढले होते.

पीएलए आणि पीबीएटी या दोन्हींच्या साखळ्यांचे दुवे पाण्याने तुटू शकतात. त्यासाठी मातीच लागते असं नाही. दमट हवा आणि उष्णता पुरते. कंपोस्टच्या ढिगात जे भराभर घडतं, तेच माळ्यावर हळूहळू घडत होतं. साखळ्या तुटून आखूड झाल्या, ताणण्याचा गुण गेला, आणि त्यात आम्ही गरम भात भरला. अशा पिशव्या साधारण वर्षभराच्या आत वापरायच्या असतात. म्हणजे पिशवी कमजोर बनवलेली नव्हती. तिचे दिवस भरले होते आणि ती वेळेनुसार निघून चालली होती. चूक माझ्या साठवणीची होती.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पापडासारखंच. डबा घट्ट लावला नाही तर सादळणारच."

बैठकीसाठी माझं म्हणणं

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येतो. नेहमीच्या जाड पिशवीकडे परत जावं का? कायद्याने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमचे अशा वस्तूंवर देशभर बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिकची पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट नाही, पण तिला प्रमाणपत्र लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी १९९४ च्या प्लेगनंतर ज्या शहराने स्वतःला झाडूनपुसून काढलं आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला, त्या शहरात राहणाऱ्या आपल्याला तुंबलेल्या गटारांबद्दल काय सांगायचं?

पण कंपोस्टेबल पिशवी म्हणजे कुठेही टाकली तरी चालेल, हाही गैरसमज नको. भारतीय मानकानुसार ती साधारण ५८ अंशाच्या औद्योगिक कंपोस्ट ढिगात १८० दिवसांच्या आत ९० टक्के विघटित व्हायला हवी. आपल्या सोसायटीच्या खड्ड्यात तेवढी उष्णता नसते. तापीत किंवा डुमसच्या किनाऱ्यावर टाकली तर ती बराच काळ तशीच राहील. निर्माल्य अशा पिशवीत भरून पिशवीसकट नदीत सोडणं, हे साध्या पिशवीपेक्षा फारसं वेगळं नाही.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. उरलेलं अन्न नेण्यासाठी मंडळाने झाकणाचे स्टीलचे डबे घ्यावेत. एकदाचा खर्च होईल, पण गरम भाताला त्याहून चांगलं काही नाही. पंगतीला ताटं-वाट्या स्टीलच्याच असाव्यात. त्या आपल्याकडे आहेतच, प्रश्न घासण्याच्या पाळीचा आहे आणि माझं नाव पहिल्या दिवशी लिहावं. कंपोस्टेबल पिशव्या फक्त ओल्या कचऱ्यासाठी आणि निर्माल्यासाठी आणाव्यात. त्या उत्सवाच्या महिन्यातच, लागतील तेवढ्याच घ्याव्यात. प्रमाणपत्राचा क्रमांक, बनवल्याची तारीख बघावी आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. त्या भरलेल्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर कंपोस्ट करणाऱ्याकडे जातील, याची खात्री आधी करून घ्यावी. तशी सोय झाली नाही, तर त्या आणण्यात अर्थ नाही, हेही मी मान्य करतो.

येत्या काही वर्षांत हा माल सुधारेल आणि स्वस्तही होईल, अशी चिन्हं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीजवळ पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने लॅक्टिक आम्लापासून पीएलएपर्यंतची सगळी प्रक्रिया करून दाखवणारा प्रकल्प सुरू केला. तो लहान आहे, वर्षाला ५५ टन पीएलएचा, पण तंत्रज्ञान इथलं आहे. उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनी मिल्सने पीएलएचा मोठा कारखाना हाती घेतला आहे. ऊस आपल्याकडे आहे, बारडोलीपासून कोल्हापूरपर्यंत. केळीची खोडं खानदेशात आहेत. आणि धागा ओढून त्यात जीव आणणारी माणसं सुरतेत गल्लोगल्ली आहेत. या तिघांची गाठ घालणारा एखादा तरुण आपल्याच मंडळातल्या घरांतून निघाला, तर मला फार आनंद होईल. यंदा बारावी शास्त्र झालेल्या मुलांनी 'पॉलिमर' या शाखेकडे जरूर बघावं.

बैठकीला या. डबे किती लिटरचे घ्यायचे, हे काकूंनी ठरवावं अशी विनंती आहे. मसालेभाताचा अंदाज त्यांच्याइतका कुणालाच नाही.